चाळीस मिनिटांची ओळ

एकोणसाठ ओळींचा होता तो,
त्यातल्या अकरा रिकाम्या.
कुंडईच्या कारखान्यात दिवसभर
गोळ्यांच्या खोक्यांचे हिशेब जुळवून
रात्री जेवणानंतर, ताटे तशीच मोरीत ठेवून
मी लिहिला.
काम एवढेच : मुरगाव बंदराचा तक्ता वाचायचा
आणि रोज दोनदा सांगायचे
कुंभारजुव्याच्या खाडीला भरती कधी, ओहोटी कधी.
नाव ठेवले मानस.
ऐकणारे सतरा जण. त्यात माझीच दोन खाती,
एक मावसभाऊ
आणि चपला विकणारी एक कंपनी.

इनास आमच्या खाजनाचा मानशीकार.
त्याच्याकडे बटणांचा फोन, नात वाचून दाखवते.
पाण्यासाठी नाही, मला तपासायला.
एकदा बांधावर सायकल आडवी घालून म्हणाला,
“बाय, तुजें उदक बेगीन पावता. आमचें मागीर.”
बंदरातून निघालेले पाणी वळणे घेत येते,
कांदळांत थांबते, घरोघर चौकशी करते,
मग आमच्या दारात.
“किती मागीर?”
त्याने पाण्याकडे पाहिले, घड्याळाकडे नाही.
चाळीस मिनिटे.

त्या रात्री साठावी ओळ आली.
शेजारी टीप, देवनागरीत, कारण माझ्यापुरतीच होती :
# इनास म्हणतो चाळीस मिनिटे वाढव

मग सगळे उघड्यावर ठेवले.
घ्या, बदला, मोडा, मला विचारू नका.
शेजारी वाटीभर सुंगटे द्यावीत तसे.
वाटी परत आली तर आली.

मानशीच्या झडपा पाहिल्यात कधी?
बाहेर पाणी चढले तर मिटायचे,
आत चढले तर उघडायचे.
दोन ओळी, लाकडात लिहिलेल्या,
खाली सही नाही.
फळ्या कुजल्या की सुतार
जुन्यावरून नव्या उतरवून काढतो
आणि त्यालाही कुणी विचारत नाही,
हे तुझे का.

आठवड्याने कुणीतरी वाटी नेली.
कोल्लमच्या एका मुलाने चाळीसचे पंचवीस केले.
रत्नागिरीच्या एका बाईंनी भरती काढून
एसटीच्या गाड्या बसवल्या.
कळंगुटच्या कुणा बोटवाल्याने
तोच सांगाडा घेऊन दर पंधरा मिनिटांनी
सूर्यास्त, डीजे, दोघांत एक बिअर फुकट
असे ओरडायला लावले.
उघडून पाहिला मी. साठाव्या ओळीत
इनास अजून म्हणतच होता, चाळीस मिनिटे वाढव.
म्हणजे त्याचा सूर्य रोज चाळीस मिनिटे उशिरा बुडतो,
आणि माणसे तिकीट काढून
काळोखाचे फोटो घेतात.

हसू आले, पण नंतर.
आधी राग. तोच घेऊन बांधावर गेले.
इनास जाळे झटकत होता.
मानशीतून शेवटे येतात, कुर्ल्या येतात,
परवा एक हेल्मेट आले, त्याने दाखवले,
आत छोटी खेकडी बसलेली.
“म्हूण कितें, दार धांपून दवरूं?”

जूनमध्ये माझे खाते बंद केले.
कारण दिले होते : वागणूक यंत्रासारखी वाटते.
अपील करा म्हणाले. केले.
त्या तीन दिवसांत तपासायला काही नाही म्हणून
इनासच मला फोन करायचा,
दिवसातून दोनदा,
वेळ सांगायचा आणि ठेवून द्यायचा.
हॅलोसुद्धा नाही.

काल कोल्लमच्या मुलाचा निरोप आला,
भाषांतराच्या चाळणीतून गाळलेल्या मराठीत :
इनास ही लायब्ररी कोणती आहे?
माझ्याकडे सापडत नाही.
कुठून उतरवून घ्यावी?

बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला.
मग लिहिले, बांधावरून.
रात्रीच्या ओहोटीला ये, बत्ती असेल.
पिशवी मात्र तुझी तू आण.